चांदीच्या पाण्यावरचा पालक

बाळांनो, आपली इमारत पाडून नवी बांधायचं ठरलं आहे आणि महिनाअखेरीस गच्ची रिकामी करून द्यायची आहे. परवा फोनवर तुमच्यातली थोरली म्हणाली, "आजी, ती माती टाकू नकोस हं. त्यातलाच पालक खाऊन मी मोठी झाले." फोन ठेवल्यावर मला जेवण गेलं नाही. तुमच्या आईलाही जे कधी सांगितलं नाही, ते म्हणूनच आता लिहिते आहे.

पाणी वाया गेलेलं मला बघवत नाही. कोथरूडच्या या घरात वॉशिंग मशीन गच्चीला लागूनच होतं. त्यातलं शेवटच्या धुण्याचं पाणी, ज्यात साबण जवळजवळ नसतो, मी पिंपात साठवायची आणि संध्याकाळी वाफ्यांना घालायची. जुन्या मशीनवर ही रीत सहा वर्षं बिनतक्रार चालली. वाफ्यांत माती थोडी. बाकी रसवंतीवाल्याकडची उसाची चिपाडं, वाळका पाला आणि भाजीची सालं. गांडुळं इतकी, की खुरपं जपून घालावं लागे.

मग तुमचे बाबा खराडीच्या कंपनीत लागले आणि त्यांनी हौसेनं नवं मशीन आणलं. ते म्हणे धुताना, आणि शेवटच्या पाण्यातही, चांदीचे डोळ्यांना न दिसणारे कण सोडायचं. "नॅनो आहे मॅडम, एक जंतू उरणार नाही," दुकानदार म्हणाला.

"वा!" तुमचे आजोबा म्हणाले. "आता बनियन बँकेच्या लॉकरमध्ये वाळत घालू."

मी हसले, आणि नळी नेहमीसारखी पिंपात सोडली.

थोरली तेव्हा दीड वर्षाची होती. आईबाबा सकाळी कामावर गेले की दिवसभर माझ्यापाशी. दुपारच्या वरणभातात मी गच्चीवरचा पालक शिजवून, कुस्करून घालायची. बाजारच्या भाजीवर काय फवारलेलं असतं कोण जाणे, हा माझा अभिमानाचा मुद्दा.

चार-पाच महिन्यांनी, बागेत मदतीला येणाऱ्या बाईंनी वाफा उकरला. त्या शेतकऱ्याघरच्या; त्यांचं गाव शहरात आलं आणि शेतावर इमारती उभ्या राहिल्या.

"काकू, ही दुधीची सालं कवा टाकली?"

"महिना झाला असेल."

"मंग अजून कुजली कशी न्हाईत? गांडूळ बी दिसंना. काय घातलं हो हिला? माती गप पडली हाय."

"काही नाही. नेहमीचंच पाणी."

बोलता बोलताच मी मशीनच्या नळीकडे पाहिलं. पावडर तीच होती, सालं तीच होती. बदललं होतं फक्त मशीन. सगळी माहितीपत्रकं मी फाइलला लावून ठेवते. या मशीनचं काढून पुन्हा वाचलं. जंतू मारतं, हे वाक्य तीन ठिकाणी होतं. आणि मी, शाळेत जन्मभर जीवशास्त्र शिकवलेली बाई! सालं कुजवतात ते जंतूच, हे दरवर्षी फळ्यावर लिहिणारी.

त्याच दिवशी नळी मोरीत सोडली. पालक उपटला आणि कीड लागली म्हणून सांगितलं. त्यानंतर कितीतरी दिवस मी थोरलीची नखं, जीभ, शी, सगळं निरखत होते. तुमची आई म्हणायची, "आई, तिला काही झालंय का?" मी म्हणायची, "छे गं!"

एक जुनी विद्यार्थिनी प्रयोगशाळेत काम करत होती. तिला फोन केला.

"बाई, मातीतल्या जंतूंना हे कण त्रास देतात, असं दिसतंय. पानात किती चढतात, ते मातीवर आणि झाडावर अवलंबून. बाळाला काही होईल असं मला वाटत नाही. पण वाटणं म्हणजे मोजणं नव्हे, हे तुम्हीच शिकवलंत. माती पाठवा, बघते."

मी दोन मुठी माती वाळवली, कापडी पिशवीत शिवली, चिठ्ठीवर तारीख आणि वाफ्याचा क्रमांक लिहिला. आणि पाठवली नाही. उद्या, परवा, सोमवारी, असं करत राहिले. तिनं दोनदा विचारलं, मग विचारायची थांबली. आकडा आला असता तर तो मला तुमच्या आईसमोर ठेवावा लागला असता.

पुढे सालं पुन्हा कुजू लागली. त्याला वर्षाहून जास्त लागलं. थोरली धडधाकट आहे, हे मला दिसतं. पण ते उत्तर नव्हे. मोजायचं धैर्य मला झालं नाही, एवढंच खरं. थोरले, आता तू मोठी आहेस. मोजायचं की नाही, ते तू ठरव.

गच्चीवरची माती पुढच्या आठवड्यात जाईल. ती पिशवी माझ्या कपाटाच्या खालच्या खणात आहे. शिवण उसवलेली नाही, आणि चिठ्ठीवरचं अक्षर अजून वाचता येतं.