जावा म्हणणारा हात

ये गं, अशी जवळ ये. कागदावर का होईना, माझ्या शेजारी बस आणि आत्याची जरा बोलणी खा. परवा फोनवर किती कौतुकानं सांगत होतीस, गाडी शिकलीस, आणि चौकात थांबून एका म्हाताऱ्या बाईला हात करून जा म्हटलंस. थांबलीस ते चांगलं केलंस. हात कशाला केलास? मी शेजारी असते तर तो हात धरून खाली घेतला असता. रुसू नको. ज्याला हात करतात ना, त्याच्या बाजूनं मी उभी राहिलेली आहे.

तुला ठाऊक आहे, मी शाळेच्या बसवर मावशी म्हणून जाते. विट्याच्या आसपासच्या वाड्यावस्त्यांवरची पोरं चढवायची, उतरवायची, रस्त्यापलीकडं नेऊन द्यायची. बस चालवतात ते फौजी. पलटणीत ट्रक चालवून पेन्शनीवर आलेला माणूस. पोरं त्यांना फौजीकाका म्हणतात.

त्यांना चौक पार करताना बघणं म्हणजे एखादा कारागीर कामाला बसलेला बघणं. चौक आला की आधी गाणी बंद, मग पंखा बंद. कान मोकळे पाहिजेत म्हणतात. पोरंही न सांगता गप होतात. मग उजवीकडं, डावीकडं, पुन्हा उजवीकडं. नुसती मान नाही फिरवत, अख्खं अंग पुढं-मागं झुकवतात, कारण काचेच्या कडेला जो खांब असतो त्याच्या आड एक मोटरसायकल मावते. सिग्नल हिरवा झाला तरी एक श्वास थांबणार. मागचे हॉर्न मारून जीव नकोसा करतात, हे ढिम्म. पहिल्या आठवड्यात मला वाटलं, माणूस भित्रा आहे की काय. तेव्हा मला काय कळत होतं.

पोराला पांढऱ्या पट्ट्यांवरून न्यायचं, तर त्यांचा एक नेम. बस पट्ट्यांच्या बरीच अलीकडं उभी करायची, म्हणजे मी आणि पोर डोक्यापासून पायापर्यंत त्यांना दिसणार. मग मी त्यांच्याकडं बघायचं. पंजा काचेला टेकलेला असला तर थांबायचं. पंजा निघाला, की मग आपल्या डोळ्यांनी दोन्हीकडं बघून पाऊल टाकायचं.

तर त्या दिवशी. उसाचे दिवस, दुपारचे चार वाजलेले. पहिलीतल्या एका मुलीला उतरवलं. तिचा बाप तिकडं लांब मुलखात सोनं गाळायच्या दुकानात कामाला, पोर आजोबांजवळ राहते. आजोबा पलीकडं पिशवी घेऊन उभे. तेवढ्यात समोरून ट्रॅक्टर आला, मागं उसानं भरलेल्या दोन ट्रॉल्या. चालवणारा त्या मुलीच्याच वस्तीवरचा. त्यानं आम्हाला बघून ब्रेक मारला आणि हसून हात केला, "जावा, जावा."

आता तुला सांगते, भरल्या दोन ट्रॉल्या थांबवणं खेळ नव्हे. पुन्हा उचलताना ट्रॅक्टर पुढून हवेत उठतो. एवढा ताण घेऊन कुणी आपल्यासाठी थांबलं तर आपल्याकडची माणसं काय करतात? त्याला ताटकळत ठेवायचं नाही म्हणून पळतात. मीही तेच केलं. मुलीचा हात धरला, त्याच्याकडं बघून मान हलवली आणि झपाझप निघाले. फौजींकडं बघितलंच नाही.

बसचा हॉर्न वाजला. वर्षभरात मी तो ऐकला नव्हता, कारण फौजी कुणाला हॉर्न मारतच नाहीत. माझे पाय जागच्या जागी थिजले. आणि ट्रॅक्टरच्या आडून, ट्रॉल्यांना ओलांडून, एक जीप रस्त्याच्या मधून सुसाट गेली. तिच्या वाऱ्यानं माझा पदर उडाला. अजून एक पट्टा ओलांडला असता तर, बाई, पुढचं मी लिहीत नाही.

मुलीनं माझ्याकडं मान वर करून बघितलं. "मावशी, तू काकांच्या हाताकडं बघितलंच न्हाईस."

पंजा काचेवरच होता. पहिल्यापासून.

पंजा निघाल्यावर, दोन्हीकडं बघून, तिला आजोबांच्या हाती दिलं. ट्रॅक्टरवाला खाली उतरून आला, चेहरा पांढराफटक, माझ्यामुळं झालं म्हणाला. फौजी त्याच्यावर चिडले नाहीत. माझ्यावरही नाही. एवढंच म्हणाले, "तू थांबलास ते लय चांगलं केलंस, गड्या. पर तू तुझा थांबलास. मागच्याला तू कसा थांबवणार?"

मी बसमध्ये चढले आणि विचारलं, एवढ्या उसाच्या डोंगरापलीकडची जीप तुम्हाला दिसली कशी? त्यांनी वाकून दाखवलं. "आक्का, वर ऊसच दिसतो. ट्रॉलीच्या खालनं बघायचं. चाकांच्या मधनं सावली पळताना दिसली."

मी कितीतरी वेळ त्या चाकांमधल्या फटीकडं बघत राहिले. उतरतं ऊन तिथून आरपार येत होतं. रोज दहा वेळा डोळ्यांसमोरून जाणारी गोष्ट, आणि मला कधी दिसली नव्हती. उद्यापासून येत नाही, म्हणाले मी. ते म्हणाले, उद्यापासूनच तर तुम्ही नीट येणार.

गेले, आणि अजून जाते. ती मुलगी आता तिसरीत आहे. पट्ट्यांपाशी आली की स्वतःच वाकून गाड्यांच्या खालून बघते, दप्तर डोक्यावर येतं तरी. आणि तो ट्रॅक्टरवाला अजून आमच्यासाठी थांबतो. पण दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवून, देवळात बसावं तसा गप्प बसतो. हसत नाही, हात करत नाही. आम्ही आमचं बघतो, आमचं आम्ही जातो.

तुझी गाडी घेऊन ये एकदा लवकर. चारच्या आत पोच, तुला चौकातच भेटते. माझ्यासाठी थांब, पण हात तेवढा करू नको. मी माझं बघून येते तुझ्याकडं.