कपाटातली कडी

शरच्चंद्र वैशंपायन शिवत असताना त्याच्याशी बोलायचं नाही, हा आमच्या ऑपरेशन थिएटरचा नियम. मी भूलतज्ज्ञ. तोंड बंद ठेवणं माझ्या स्वभावात नाही, पण हा नियम मीही पाळत आले. मायक्रोस्कोपखाली, केसाहून बारीक दोऱ्याने तो शीर जोडायला बसला की घाटकोपरचं आमचं अख्खं हॉस्पिटल त्याच्यापुरतं नाहीसं होतं. हात असा, की बघत राहावं. हट्ट असा, की डोकं फिरावं.

हट्ट कडीचा. शीर शिवण्याऐवजी जोडायला दोन इवल्या कड्या मिळतात. त्यांच्या काठावर बारीक सुया असतात. शिरेचं एकेक टोक एकेका कडीतून घेऊन सुयांवर उलटवायचं आणि कड्या एकमेकींवर मिटायच्या. काही मिनिटांचं काम. धमनी जाड, ती बहुधा हातानेच शिवतात. पातळ शिरेला मात्र कडी छान बसते. आमच्याकडे ती येऊन बरीच वर्षं झाली, आणि शरदने तिची रवानगी कपाटात केली. "सुयांना शीर काय कळणार गं?" म्हणायचा. त्याच्या हाताखाली तयार झालेल्या निहारलाही त्याने तिला हात लावू दिला नाही.

चारकोपचा काशीराम म्हणून एक म्हातारा होता. जबड्याच्या ऑपरेशनमध्ये शरदने शिवलेली त्याची शीर गुठळीने बंद पडली. शरदने ती उसवून पुन्हा शिवली, आणि पुन्हा एकदा शिवली. जबडा सुंदर बसला, पण त्या लांबलेल्या भुलीतून काशीरामची फुप्फुसं सावरली नाहीत. तो घरी गेलाच नाही. वय झालं होतं, असं सगळे म्हणाले. ते खोटंही नव्हतं.

मग शरदच्या बायकोच्याच गालात गाठ निघाली. सुनंदावहिनी म्हणजे मुलुंडच्या शाळेत जन्मभर गणित शिकवलेली बाई. तोंडात सुपारीचं खांडही कधी टाकलं नाही. एक वाकडी दाढ वर्षानुवर्षं गालाला घासत राहिली, एवढंच निमित्त. आता गालाचा तो भाग काढून तिथे हाताची कातडी रक्तवाहिन्यांसकट बसवायची होती. घरच्या माणसावर सर्जन सुरी चालवत नाही, म्हणून ऑपरेशन निहार करणार होता. वहिनींच्या हृदयाची झडप आधीच अधू. त्या टेबलावर जितका जास्त वेळ राहतील, तितका जिवाला धोका.

मी शरदला कॅन्टीनमध्ये गाठलं. "तुझ्या बायकोला भूल मी देणार आहे. मला वेळ वाचवून पाहिजे. शीर कडीने जोडा."

"निहारचा हात माझ्यासारखा आहे. तो शिवेल."

"शिवेल रे. पण तिचं हृदय तुमचं शिवणकाम बघत थांबणार आहे का?"

तो चहा तसाच टाकून निघून गेला. मला वाईट वाटलं, पण शब्द मागे घ्यावासा वाटला नाही.

त्या रविवारी वहिनींचा फोन आला. "जान्हवी, ये जरा. आमच्याकडे कोंबडी आलीय."

ज्या घरात कधी अंडं शिरलं नाही, त्या घरात! जाऊन बघते तर डायनिंग टेबलावर जुने पेपर, त्यावर कोंबडीच्या तंगड्या, आणि शरद नि निहार डोळ्यांना भिंगं लावून बसलेले. या कामात हात असाच बसवतात, कोंबडीच्या नसांवर. मुदत संपलेल्या कड्या निहारने सरावासाठी मागून आणल्या होत्या. वहिनी उदबत्ती लावून, नाकाला पदर धरून समोरच बसल्या होत्या.

निहारला लवकर जमलं. शरदला जमेना. शिवणाऱ्या हाताला ताण द्यायची सवय. शीर दर वेळी सुयांवर फाटायची. निहार नुसता बघत होता.

"निहार, चुकतंय ना त्यांचं?" वहिनींनी विचारलं.

"तसं नाही, काकू..."

"तुला माझ्या गालात हात घालायचाय, आणि त्यांना चूक म्हणायला घाबरतोस?"

निहारने मान खाली घातली. "सर, ओढू नका. नुसती अंथरा."

आता हा भिंगं भिरकावणार, असं मला वाटलं. शरदने दुसरी तंगडी पुढ्यात ओढली. "दाखव," म्हणाला.

ऑपरेशनच्या दिवशी शरद बाहेर बाकावर बसला. आत निहारने धमनी हातानेच शिवली. एकेक टाका थेट शरदचा वाटावा. तो शिरेपाशी आला तेव्हा वहिनींचा रक्तदाब घसरू लागला होता.

"निहार, आटप," मी म्हणाले. निहारलाही तोच नियम होता, तो मोडला.

त्याने शीर सुयांवर अंथरली, कड्या मिटल्या, चिमटे काढले. शीर भरली, वाहू लागली. नव्या कातडीवर गुलाबी रंग चढला. निहार टाके घालून मोकळा होईपर्यंत मी औषधांनी दाब कसाबसा धरून ठेवला. आणखी अर्धा तास मला तो धरता आला नसता.

वहिनींना अतिदक्षता विभागात नेल्यावर मी बाहेर आले. "शीर कडीने जोडली. म्हणून वेळेत सुटलो. वहिनी ठीक आहेत."

शरदने दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं. मला वाटलं, सुटकेचं रडू. माझ्याकडे एक टोमणाही तयार होता, इतकी वर्षं जपून ठेवलेला.

"जान्हवी," तो म्हणाला, "काशीरामच्या वेळी कडी कपाटातच होती ना गं?"

दुसऱ्या कुणी विचारलं असतं तर मी काहीतरी सारवासारव केली असती. मी त्याच्या शेजारी बसले.

"होती," म्हणाले.