सप्तमीचा समुद्र

रविवार, २७ जानेवारी २०१९. पौष वद्य सप्तमी. हजर माणसं तीन — माझी थोरली बहीण कुंदाताई, माझी बायको वैशाली आणि मी. ठिकाण, गुजरातच्या किनाऱ्यावरचं एक लहान गाव, सुरतेहून पॅसेंजर गाडीनं तासाभरावर. गावाचं नाव लिहीत नाही. त्या गावाचा यात काही दोष नाही.

एवढं मी नेमकं सांगू शकतो. पुढचं आजवर कोणालाच सांगितलेलं नाही. वैशाली तिथे होती, पण तिलाही नाही. तुम्ही म्हणाल, एका दिवसाची सहल, त्यात लपवण्यासारखं काय असणार? लोकांच्या लेखी ती सहल माझ्या खात्यावरची सगळ्यात चांगली गोष्ट आहे. म्हणून तर सांगणं अवघड जातं.

ताई तेव्हा बासष्ट वर्षांची होती. आई गेली तेव्हा मी सहा वर्षांचा आणि ती सोळाची. मला तिनंच वाढवलं. लग्न केलं नाही. एका खाजगी शाळेत तीस वर्षं भूगोल आणि गणित शिकवलं आणि निवृत्त झाल्यावर नागपूरच्या महाल भागातल्या दोन खोल्यांत एकटी राहिली. हे मी तिचं कौतुक म्हणून लिहीत नाही. माझ्या विरुद्धचा पुरावा म्हणून लिहितो आहे.

तिची किडनी दोन वर्षांपूर्वीच निकामी झाली होती. दर मंगळवारी आणि शुक्रवारी डायलिसिस. पाणी मोजून प्यायचं, नारळपाणी नाही, केळं नाही. डाव्या हातावर सुईसाठी शीर जोडून घेतलेली — त्या हाताला धक्का लागता कामा नये. जानेवारीच्या सुरुवातीला, डायलिसिसहून परत येताना, ती ऑटोत मला म्हणाली, "दिनू, मले एकदा समुद्र दाखवतं का रे? तीस वर्षं फळ्यावर निळ्या खडूनं काढला, खरा पाहिलाच नाही. मले फक्त पाय भिजवायचे आहेत."

डॉक्टरांना विचारलं. शुक्रवारच्या डायलिसिसनंतर मंगळवारपर्यंतचे दिवस तिचे, असं ते म्हणाले, पण मुक्काम नको. म्हणजे शनिवारी संध्याकाळी गाडी, रविवार समुद्रावर, सोमवारी सकाळी नागपूर. नागपूरच्या माणसाला समुद्र एका रात्रीपेक्षा जवळ नाहीच. गाव निवडायचं काम माझ्याकडे आलं. आमच्या घरात गाड्या, वेळा, बर्थ हे सगळं माझ्याकडेच असतं. मी गांधीबागेत एका कापडाच्या पेढीचे हिशेब पाहतो. माझा आकडा चुकत नाही, अशी माझी ख्याती आहे.

आता डिसेंबरबद्दल सांगायला हवं. टाळता आलं असतं तर टाळलं असतं.

डिसेंबरात माझ्या मुलीचा साखरपुडा झाला. व्याही अमरावतीचे, पहिल्यांदाच सगळे एकत्र बसले होते. जेवणं झाली, पान झालं, कोणीतरी माझ्या हिशेबाच्या चोखपणाचा विषय काढला. आणि ताई हसायला लागली. लहानपणी ती मला पाऊणकी शिकवायची — पाऊणचा पाढा, एक पाऊण पाऊण, दोन पाऊण दीड, असा. मला तो यायचा नाही. ती सगळ्यांना म्हणाली, "याले सात पाऊण किती विचारलं का हा खाटेखाली. आन् खाटेखालून ओढला का चड्डी ओली."

सगळे हसले. व्याही सज्जन माणूस, पण तेही म्हणाले, "मग दिनकरराव, सात पाऊण किती?" — आणि मला उत्तर आलं नाही. बावन्न वर्षांचा माणूस, दिवसभर आकड्यांत राहणारा. माझी मुलगी मान खाली घालून हसत होती. सगळ्यांत जास्त ताई हसली.

एवढंच. यापेक्षा मोठं कारण माझ्याजवळ नाही. शोधून पाहिलं आहे.

वैशाली म्हणाली, मुंबईला जाऊ. सरळ गाडी, स्टेशनापासून समुद्र अर्ध्या तासावर, संध्याकाळी परतीची गाडी. बरोबरच होतं तिचं. मी म्हटलं, तिथले पूल, जिने, ती गर्दी — ताईच्या हाताला कोणाचा धक्का लागला तर? त्यापेक्षा सुरतेकडचं एखादं शांत गाव बरं. ताईनं ते ऐकलं आणि वैशालीला म्हणाली की दिनू माझा किती विचार करतो पाहा. तो हात मी असा वापरला.

ते गाव मी पाहिलेलं होतं. पेढीच्या कामानं सुरतेला जावं लागतं. एकदा तिथल्या व्यापाऱ्यानं दुपारी मला त्या किनाऱ्यावर नेलं आणि गाडीतून उतरताच तो ओशाळला. समुद्र तिथे नव्हता. दूरपर्यंत राखाडी चिखल होता. तो किनारा इतका सपाट आहे की ओहोटीला पाणी नजरेआड जातं. भरतीला या, असं तो मला दोनदा म्हणाला होता.

आणि भरतीची वेळ कशी काढायची हे मला ठाऊक होतं. ते मला ताईनंच शिकवलं होतं. मला पाऊणकीची गोडी लागावी म्हणून ती सांगायची की कोकणातले कोळी घड्याळ बघत नाहीत, तिथीला पाऊणनं गुणतात, जो आकडा येतो ती भरतीची वेळ. गुजरातकडे त्यात तासभर मिळवायचा. भरतीनंतर सहा-सव्वासहा तासांनी ओहोटी.

मी भिंतीवरचं कॅलेंडर काढून घेतलं. दोन रविवार मोकळे होते. वीस तारखेला चतुर्दशी होती. चौदा पाऊण साडेदहा, वर एक तास — आम्ही पोहोचणार त्या वेळेला समुद्र अगदी बांधाला लागलेला असता, तोही पौर्णिमेच्या आदल्या दिवसाचा, भरलेला. सत्तावीस तारखेला सप्तमी होती. सात पाऊण सव्वापाच, वर एक तास. म्हणजे भरती पहाटे सव्वासहाला आणि पूर्ण ओहोटी दुपारी साडेबाराला. आमची वेळ अकरा ते पावणेतीन.

सात पाऊण निघाले तेव्हा मी हसलो. एकटाच, कॅलेंडर हातात धरून. हे लिहायला मला सगळ्यात जास्त वेळ लागला.

वैशालीला वाटत होतं वीस तारखेलाच जावं, दुखणाईत माणसाला आठवडाभर कशाला थांबवायचं. मी सांगितलं की वीसच्या बर्था नाहीत. होत्या. तिन्ही, त्यातली एक खालची. मी पाहिल्या होत्या. सत्तावीसची तिकिटं काढली आणि वर म्हणालो, सव्वीस जानेवारीची सुट्टीही आहे, निवांत निघता येईल.

ताईनं त्या आठवड्यात काय केलं? पायाची नखं कापून घेतली. वैशालीकडून साडीला फॉल लावून घेतला, म्हणाली, खारं पाणी लागलं तर काठ खराब नको व्हायला. शाळेतल्या जुन्या मैत्रिणीला फोन करून सांगितलं. हे सगळं माझ्यासमोर चाललं होतं. मला थांबता आलं असतं. सात दिवस होते.

रात्रभर गाडीत ती नीट झोपली नाही. सुरतेला उतरलो, गाडी बदलली, अकराला किनाऱ्यावर पोहोचलो. ऑटोतून उतरल्यावर तिनं आधी चपला काढल्या, मग समोर पाहिलं.

चिखल. ऊन पडून चकाकणारा, सुरकुत्या पडलेला, दूर दूरपर्यंत. तीन होड्या कुशीवर कलंडलेल्या. अगदी शेवटी एक पांढरट रेघ दिसत होती, ती पाणी होती की नुसतं ऊन, सांगता येत नव्हतं. ताई हातात चपला घेऊन उभी राहिली. मग चालायला लागली. चाळीसेक पावलं गेली असेल, पाय घोट्यापर्यंत रुतला. मी पळत जाऊन तिला धरून मागे आणलं. म्हटलं, पडशील, हाताला लागेल. माझा आवाज काळजीचाच होता. तो आवाज मला चांगला काढता येतो.

मक्याची कणसं भाजणाऱ्या माणसाला तिनं हिंदीत विचारलं. तो म्हणाला, पाणी पाच वाजता येईल. ताईनं माझ्याकडे पाहिलं. "दुसरी गाडी नाही का रे दिनू? पाचनंतरची?"

होती. साडेसहाला एक पॅसेंजर होती आणि रात्री अकराच्या सुमारास सुरतेहून नागपूरकडे जाणारी आणखी एक गाडी. जागा होत्या. सोमवारी दुपारी घरी पोहोचलो असतो, डायलिसिस मंगळवारी. तुम्हाला वाटेल, इथे तरी माझं मन द्रवलं असेल. मला मुद्दाम काही करायचं नव्हतं, नुसतं खरं बोलायचं होतं.

"नाही," मी म्हटलं.

"बरं," ती म्हणाली.

बांधावर एका सिमेंटच्या बाकावर आम्ही बसलो. बाटलीच्या झाकणातून ती घोट घोट पाणी प्यायली, झाकणं मोजून. वैशाली बिचारी उगीच बोलत राहिली — हवा किती छान आहे, पक्षी किती आहेत. मग ती कणसं आणायला गेली. ताईनं बाटलीचं झाकण लावलं. मग माझ्या गुडघ्यावर हात ठेवून म्हणाली, "तू नको वाईट वाटून घेऊ गा. ओहोटीही समुद्राचीच असते. तीस वर्षं शिकवली, आज पाहून राहिली."

ती माझी समजूत घालत होती. आणि मला काय वाटलं असेल? पश्चात्ताप? नाही. मला वाटलं, हिला लागलंच नाही. एवढं सगळं करूनही हिला लागलं नाही. म्हणून मी बोललो. अगदी सहज, समोर पाहत.

"सात पाऊण किती, ताई?"

"सव्वापाच," ती लगेच म्हणाली. शिक्षिका होती, पाढा विचारला की उत्तर तयार. ओठ तसेच अर्धवट हसरे राहिले. मग मी तिला विचार करताना पाहिलं. तीन दिवसांपूर्वी संकष्टी झाली होती, तिथी तिला ठाऊक होती. वरचा तास ठाऊक होता. मुंबई का नाही, वीस तारीख का नाही — सगळं तिच्या चेहऱ्यावर एकेक करून बसत गेलं. पाच-सहा सेकंद लागले असतील. तिनं माझ्या गुडघ्यावरचा हात उचलून घेतला.

"आली मग तुले पाऊणकी," ती म्हणाली.

एवढंच. वैशाली कणसं घेऊन आली. ताईनं घेतलं नाही, पथ्य आहे म्हणाली. रुमालानं पायाचा चिखल पुसला, वाळलेला होता, नुसताच खरवडला गेला. पावणेतीनला आम्ही ऑटोत बसलो.

ती त्याच वर्षी सप्टेंबरात गेली. मधल्या आठ महिन्यांत मंगळवार-शुक्रवार मीच तिला नेत-आणत होतो. ती माझ्याशी नेहमीसारखंच बोलायची — भाज्यांचे भाव, मुलीच्या लग्नाची तयारी. समुद्राचं नाव तिनं पुन्हा काढलं नाही. कोणी विचारलं तर सांगायची, हो, दिनूनं दाखवला. कसा होता, विचारलं तर म्हणायची, मोठा. मी समोर असलो तरी तसंच, माझ्याकडे न बघता. तेरवीला तिची ती शाळेतली मैत्रीण आली होती. तिनं माझे दोन्ही हात धरले, म्हणाली, असा भाऊ सगळ्यांना मिळो. मी हात सोडवून घेतले नाहीत. नातेवाईक आजही लग्नाकार्यात हे सांगतात, आणि मी ऐकून घेतो.

कधीतरी तिला पुन्हा नेता आलं असतं का? फेब्रुवारीत, मार्चमध्ये? तब्येत मेपर्यंत बरी होती. एप्रिलमधल्या पौर्णिमेच्या बाजूच्या रविवारच्या बर्था मी एकदा पाहिल्याही. मिळत होत्या. काढल्या नाहीत. घेऊन गेलो असतो तर तिच्याशी बोलावं लागलं असतं.

सहलीहून परतलो त्या सोमवारी सकाळी नागपूर स्टेशनवरून आम्ही आधी तिला महालात सोडलं. वैशाली ऑटोतच बसली, मी ताईची पिशवी घेऊन वर गेलो. कुलूप उघडल्यावर तिनं विचारलं, "माझे किती झाले?"

ती कधीच कोणाच्या पैशानं कुठे गेली नव्हती. मला नको म्हणता आलं असतं. पण माझ्याकडे आकडा तयार होता. जाता-येता थर्ड एसी, पॅसेंजरचं तिकीट, ऑटोचा तिसरा हिस्सा — दोन हजार तीनशे दहा. मी सांगितला. तिनं कपाटातून पाचशेच्या पाच नोटा काढून दिल्या. मी त्या मोजल्या, आणि खिशातून एकशे नव्वद रुपये काढून तिला परत दिले.