चाचा गेले

चहा होऊ द्या गार, आधी माझा गाढवपणा ऐका. हसलात तरी चालेल. मला अजून हसू येत नाय.

मी पेणला गणपतीच्या कारखान्यात डोळ्यांची आखणी करतो. अष्टमी गावचा नासीर माझा कॉलेजपासूनचा दोस्त. त्याचे चाचा कुवेतला नोकरीला होते. सुट्टीवर येताना एका इंग्रज रॉक गायकाच्या कॅसेटी आणायचे, एक नासीरला, एक मला. आम्ही पार वेडे झालो हो! त्या गोऱ्याचं लांबलचक नाव कोण घेणार? आम्ही त्यालाच 'चाचा' म्हणायला लागलो. चाचाचा बँड फुटला, चाचाचं तिसरं लग्न मोडलं. तीस वर्षं आमचं हेच.

परवा नासीरचा मेसेज आला. "चाचा गेले."

ब्रश हलला, गणपतीचा डावा डोळा तिरळा! तसाच फोन लावला आणि ढसाढसा रडलो.

"काय माणूस होता रे! गरिबाघरचा पोरगा, रिकाम्या खिशानं घराबाहेर निघाला..."

म्हटलं, नासीरला जरा हसवावं.

"पण मजा केली हां पठ्ठ्यानं! लंडनला एक, पॅरिसला एक, जाईल तिथं बाई! आणि दारू? आंघोळीला पुरेल एवढी ढोसली!"

"फोन स्पीकरवर हाय," नासीर हळूच म्हणाला. "चाची ऐकतेय. घरात मय्यत हाय."

ब्रश तिथंच टाकला. रामवाडी स्टँडवरून मिळेल ती एसटी पकडली. पोचलो तोवर दफन उरकलं होतं. चाची आत इद्दतीला बसलेली, म्हणजे नवऱ्यामागं काही महिने परक्या पुरुषासमोर यायचं नाय. पडद्याआडून आवाज आला.

"खरं सांग बाबू. एवढी वर्षं मी इथं, ते तिथं. कुवेतला कोण होती?"

"कोण नाय चाची! शप्पथ! मी त्या गोऱ्या गायकाचं बोलत होतो!"

मग त्या गोऱ्याचा अख्खा जन्म सांगितला. खाण, गिटार, मोडलेली लग्नं, सुटलेली दारू. नासीरनं मोबाइलवरचा त्याचा फोटोसुद्धा पडद्याखालून आत सरकवला.

मग एक मोठा श्वास.

"अल्लाचा शुक्र. म्हणजे आमचे तसले नव्हते."

"नव्हते चाची."

"आणि हा गोरा कधी गेला?"

"तो हाय अजून. पुढच्या महिन्यात कार्यक्रम हाय त्याचा."

"बरं. आमचे कुवेतहून परत आल्यावर आजारात सारखे विचारायचे, पेणचा पोरगा आला नाय का?"

तासाभराची वाट, हो! चाचांना भेटायला नासीरनं दोनदा बोलावलं होतं. मी म्हटलं होतं, सीझन संपू दे.

"फोनवर किती रडलास रे," चाची म्हणाली. "मला तेवढाच धीर आला होता. ते रडणं पण त्या गोऱ्याचंच का?"

"नाय चाची, आपल्या चाचांसाठीच," मी म्हटलं. निदान आता तरी खरं रडावं, म्हणून खाली मान घातली. पण एक टिपूस येईल तर शपथ! होतं नव्हतं ते सगळं त्या धडधाकट गोऱ्यावर सांडून आलो होतो.