अण्णांनी छापलेला एक शब्द

अण्णा गेल्याचा फोन आला तेव्हा मी गॅसवर दूध ठेवलं होतं. पलीकडे त्यांचा मुलगा रडत होता आणि माझ्या तोंडून निघालं, "अरे, मग शुद्धिपत्राचं काय?" नंतर मी नीट बोलले, पण खरं सांगायचं तर दुःख झालंच नाही, राग आला. दिलेला शब्द न पाळता हा माणूस निसटला, एवढंच मनात आलं. माणूस गेला की त्याचं चांगलं तेवढं सांगायची आपल्याकडे रीत आहे. मला ती जमणार नाही, वाचकांनी सांभाळून घ्यावं.

अण्णा म्हणजे माझे चुलत काका. सोलापुरात मास्तरकीत जन्म काढला आणि निवृत्त झाल्यावर घराण्याचा कुलवृत्तांत लिहायला घेतला. अकलूज, मंद्रूप, होटगी... जिथे म्हणून आमच्या आडनावाचं घर असेल तिथे हे खिशाला लाल पेन लावून, न कळवता हजर. चपला काढता काढताच प्रश्न सुरू. कुणाला दुसरी बायको होती, कुणाला मूल झालं नाही, सगळं चारचौघांत विचारणार. बायका स्वयंपाकघरात कपाळाला हात लावायच्या. लग्नपत्रिका दिली तर आधी तिच्यातले ऱ्हस्वदीर्घ लाल पेनाने दुरुस्त करणार आणि मग अभिनंदन. मेहनत मात्र अफाट केली, तेवढं कबूल करते.

पुस्तक छापून घरोघर पोचलं. माझी कुसुमआत्या, म्हणजे वडलांची थोरली बहीण, आमच्याच घरी राहते. तरुणपणी लग्न होऊन अकलूजला गेली आणि थोड्याच काळात परत आली. 'टाकलेली' हा शब्द तेव्हापासून तिला चिकटला. घरच्या लग्नांत ती पुरणाचा घाट घालायची, पण ओटी भरायला तिला कुणी पुढे बोलावलं नाही. तिच्या नोंदीत अण्णांनी छापलं होतं, 'विवाह अकलूज येथे. परित्यक्ता.' आत्याने भिंग लावून ते वाचलं. "बंड्याला काय कळतंय की नाही गं? मला कुणी टाकलं नाही. मीच सोडलं की त्याला. कोर्टात जाऊन सोडलं." बंड्या म्हणजे अण्णाच, ती त्यांच्याहून मोठी. नवरा मारायचा, म्हणाली. तारखेला तिचे वडील कधी बरोबर आले नाहीत, ती एकटीच उन्हातून चालत जायची. निकाल तिच्या बाजूने लागला आणि हातात आलेली नक्कल वडलांनी बंबात घातली. "मरायच्या आत तेवढं नीट करून दे. टाकलेली म्हणून नाही जायचं मला."

नवी नक्कल काढायची तर खटल्याचं वर्ष हवं. आत्याला ते आठवेना. निकाल लागला त्या वर्षी माझ्या वडलांची मुंज झाली, एवढंच पक्कं आठवत होतं. कुलवृत्तांतात मुलांच्या मुंजी तिथीसकट होत्या, मुलींचे घटस्फोट नव्हते. त्या मुंजीच्या वर्षावरून मी कोर्टात अर्ज केला. पुष्कळ हेलपाटे झाले. बाकीचे जुने कागद नष्ट होतात, निकालाचा हुकूमनामा तेवढा राहतो, असं कुणीतरी सांगितलं होतं, त्या आशेवर जात राहिले. शेवटी एकदा रेकॉर्ड रूममधला कारकून फाईल झटकत बाहेर आला. "मॅडम, ह्याची नक्कल आधीच कुणीतरी नेलीया की. आडनाव तुमचंच हाय बघा." आत नकलेसाठीचा जुना अर्ज होता. ते ठसठशीत मास्तरी अक्षर मी कुठेही ओळखलं असतं. तारीख पुस्तक छापायच्या आधीची होती. आणि हुकूमनाम्याच्या पहिल्याच ओळीत 'अर्जदार' या शब्दापुढे आत्याचं नाव होतं. नवरा खाली, सामनेवाला.

तशीच रिक्षा करून अण्णांकडे गेले. ते पोहे खात होते.

"तुम्हाला माहीत होतं?"

"होतं की."

पोह्यांतली मिरची बाजूला काढत म्हणाले, "अगं, हिने नवऱ्याला सोडलं असं छापायचं? घराण्याचं पुस्तक आहे ते. परित्यक्ता म्हटलं की लोक हळहळतात तरी. तिच्याच भल्याचं केलं मी..." मी इतकी ओरडले की काकू आतून धावत आली. वेलांटी चुकली म्हणून लोकांच्या पत्रिका लाल करणाऱ्या माणसाने एका बाईचं अख्खं आयुष्य जाणूनबुजून चुकीचं छापलं, याचा संताप आजही जात नाही. शेवटी म्हणाले, "बरं बाई, शुद्धिपत्र काढू." मग मी विचारत राहिले, ते 'प्रुफं बघतोय' म्हणत राहिले... आणि गेले.

तेराव्याला त्यांच्या मुलांनी आलेल्या प्रत्येकाला कुलवृत्तांताची प्रत दिली. मी काकूला म्हटलं, मला प्रत नको, त्यांचं लाल पेन दे. तिने काही न विचारता दिलं. घरी आल्यावर आत्याने आमचं पुस्तक मागून घेतलं आणि अण्णांचं पान काढलं. पुस्तकात प्रत्येक हयात माणसाच्या नावापुढे मृत्यूची जागा कोरी आहे, ती ज्याची त्याने घरी भरायची. आत्याने त्याच लाल पेनाने सावकाश अण्णांची तिथी लिहिली, पंचांग उघडून पुन्हा ताडून पाहिली. मग पेन माझ्यापुढे धरलं.

"बंड्याचं मी खरं लिहिलंय. आता माझं लिही."

लिहिलं. पण एका प्रतीने काय होतंय! तो शब्द घराघरांत कपाटांवर बसलाय. म्हणून पेन आता माझ्या पर्समध्येच असतं. परवा होटगीला चुलतबहिणीकडे गेले. चपला काढता काढताच विचारलं, "कुलवृत्तांत कुठे ठेवलायस गं?" ती दचकली आणि मग हसतच सुटली. "अगं बाई! मला वाटलं, अण्णाच आले की!"

असा राग आला... पण पेनाचं टोपण मी काढलेलं होतं. म्हटलं, "आण आधी."