फाटकाची नवी कडी

इतकी वर्षं झाली, तरी ती घटना आठवली की माझं डोकं तापतं.

तेव्हा मी चांदूर बाजार तालुक्यातल्या एका ठाण्याचा प्रभारी होतो. सकाळच्या हजेरीच्या वेळी दवाखान्यातून फोन आला. झेंडू पिकवून विकणाऱ्या, पन्नाशीच्या एका बाईचा उजवा हात रॉटवायलर कुत्र्यानं फाडला होता. कुत्रा रस्त्यालगतच्या संत्र्याच्या बागेतला. मालक अचलपूरचा, बियाण्यांचा मोठा दुकानदार; बागेत आठवड्यातून एकदा फिरकायचा.

मी बाईचा जबाब घ्यायला निघालो, तोवर मालकाचा अर्ज टेबलावर आला होता. बाई बंद फाटकावरून चढून संत्री चोरायला आत शिरली, असा आरोप.

हाताला टाके पडलेले, तरी बाई खाटेवरून कडाडली, "माह्याच वावराच्या धुऱ्यावर, बांधावर, चार झाडं हायेत संत्र्याची. मी चोरी काहाले करू? रस्त्यानं चालली होती मी. फाटक उघडंच होतं!"

बंदोबस्तामुळे पंचनामा दुसऱ्या दिवशी झाला. ती माझी चूक. फाटकाला भक्कम कडी होती. कुत्रा पत्र्याच्या खोलीत, हातभर साखळीला बांधलेला. गळ्याची कातडी सोलली होती. राखणदार लांबूनच पोळ्या फेकायचा. दोन वर्षांत कुणी त्याला फिरवलं नव्हतं.

त्याच संध्याकाळी गावातला वेल्डर ठाण्यात आला. बाईवर चोरीचा आळ आला, हे त्याला सहन झालं नव्हतं. "साहेब, ते कडी म्या काल दुपारी बसवली. त्याच्या आंधी फाटक तारेनं बांधत होते."

मी मालकाला बोलावलं.

"कडी कधीची?"

"फाटक केलं तवाचीच. चार वर्षं झाली."

वेल्डरचा जबाब वाचून दाखवला. मग राखणदारालाही कंठ फुटला. तार तुटते, असं त्यानं मालकाला तीनदा सांगितलं होतं. राखणीसाठी कुत्रा पहाटे मोकळा सोडायचा हुकूमही मालकाचाच.

मालकाचा सूर लगेच बदलला. "साहेब, हे जातच खुनशी हाये. इंजेक्शन देऊन मारून टाकतो. मिटवा न आता."

"जात माहीत होती, तरी तारेवर भागवलं?" मी ओरडलोच. "आणि वरून त्या बाईलाच चोर ठरवता?"

प्राण्याबाबत निष्काळजीपणाचा गुन्हा नोंदवला. खोट्या अर्जाचा अहवालही न्यायालयात पाठवला. कुत्र्याला मारू नका, असं सांगायला बाई स्वतः ठाण्यात आली. "त्या मुक्या जीवाले कावून मारता? त्याले असं कोनं केलं, ते पाहा." अमरावतीच्या एका निवृत्त फौजीनं तो कुत्रा नेला. तोंडाला जाळी लावून रोज दोनदा फिरवायचा. वर्षभरानं मी पाहिला, तेव्हा तो त्याच्या एका शब्दावर खाली बसत होता.

मालक दंड भरून सुटला. बाईची दोन बोटं आजही मिटत नाहीत; हार गुंफणं कायमचं बंद झालं.

पुढे तो मालक एका लग्नात भेटला. मोठ्या कौतुकानं म्हणाला, "आता लॅब्राडोर आणला साहेब. शांत जात."

"बागेत त्याच्याजवळ कोण असतं?"

"कोनी नाई. राखण करते ना तो!"

मी तिथून उठलो. चावलेल्या कुत्र्याची जात कोणती, हे गावात लहान पोरही सांगतं. त्याला तसा सोडून घरी कोण निघून गेलं, हे मात्र खोदूनच विचारावं लागतं. नोकरीत असेतो मी ते प्रत्येक वेळी विचारलं.