अंगठ्याखालचा शब्द

आमच्या घरात समुद्रावरून आलेली एकच वस्तू होती, आजोबांचं रिव्हॉल्वर. युसूफ वडगावजवळच्या आमच्या गावात उन्हाळा लागला की टँकरमागं हंडे घेऊन पळावं लागतं, आणि तिथं म्हणे जहाजावरचं रिव्हॉल्वर! लोक हसायचे. हसू देत मेले.

दिसायला देखणं होतं. पोलादावर बारीक वेलबुट्टी, मुठीच्या वर जहाजाचा नांगर आणि नळीवरच्या पट्टीवर इंग्रजीत कोरलेल्या दोन ओळी. पहिली ओळ एका गोऱ्या अधिकाऱ्याची. त्याला ते सोबतच्या अधिकाऱ्यांनी भेट दिलेलं, म्हणून त्याचं नाव, जहाजाचं नाव आणि साल. दुसरी ओळ आजोबांची. आजोबा त्या जहाजाच्या भट्टीत कोळसा टाकायचे. एकदा वाफेची नळी फुटली आणि त्यांनी त्या गोऱ्याला ओढत वर आणलं. त्याचा उजवा हात कायमचा गेला. विलायतेला परतताना त्यानं रिव्हॉल्वरवर खाली एक ओळ वाढवून घेतली आणि ते आजोबांच्या हवाली केलं. 'मला ज्यानं बाहेर काढलं त्याला', असं काहीसं, आणि पुढं आजोबांचं नाव.

नावापुढं आडनाव नव्हतं, जात होती. गोऱ्यानं पूर्ण नाव विचारलं असणार, आणि गाव ज्या शब्दानं हाक मारायचं तोच शब्द आजोबांनी सांगितला असणार. दुसरं काय सांगणार बिचारे? आडनाव आमच्या घरात नंतर आलं, धम्म घेतल्यावर.

माझे वडील, म्हणजे आबा, शाळेत मास्तर होते. रिव्हॉल्वरचा परवाना त्यांच्या नावावर होता. गोळी घरात एकही नव्हती. निवडणूक लागली की परवान्याची हत्यारं पोलीस ठाण्यात जमा करावी लागतात. बाकीचे कुरकुरत, दोनदा निरोप आल्यावर जायचे. आबा मात्र इस्त्रीचा पांढरा सदरा घालून आधीच हजर. ठाण्यातले हवालदार म्हणायचे, "गुरुजी, बसा. वाचून दाखवा बरं." आबा खुर्चीत बसून दोन्ही ओळी वाचायचे, मराठीत अर्थ सांगायचे, आणि शेवटच्या शब्दावर त्यांचा अंगठा असायचा. इतका सहज की माझ्या ते मोठेपणीच लक्षात आलं. फोटो तर कुणालाच काढू द्यायचे नाहीत. पण ती खुर्ची त्यांना फार आवडायची. आमच्या भागात आबांना खुर्ची पुढं सरकवणारी ठिकाणं काही ढीगभर नव्हती.

मग जिल्ह्यात पिस्तुलांना ऊत आला. वाढदिवसाला हवेत गोळ्या काय, कमरेचं पिस्तूल दाखवत व्हिडिओ काय. ओरड झाली तसे परवाने रद्द व्हायला लागले आणि त्या रेट्यात आबांनाही नोटीस आली. आपणास शस्त्राची गरज काय? काय डोंबलाची गरज! वयाच्या ऐंशीव्या वर्षी माणूस कुणावर गोळी झाडणार होता? आबांनी जेवण सोडलं. "माझ्या बापाला घरातून नेत्यात," एवढंच म्हणायचे आणि भिंतीकडं तोंड करून पडायचे.

मी अंबाजोगाईला दवाखान्यात नर्स आहे. ड्यूटी सांभाळून बीडच्या कचेरीत खेटे घातले. शेवटी एक साहेब भला निघाला. म्हणाला, "सिस्टर, हत्यार म्हणून आता ते राहणार नाही. पण एवढी जुनी ऐतिहासिक वस्तू असेल तर घरी ठेवता येईल. साल आणि जहाजाचं नाव कोरलेलं आहे म्हणता ना? सोमवारी घेऊन या. मी स्वतः बघतो आणि तसा अहवाल लिहितो."

मी बाहेर येऊन तिथंच फोन लावला. "आबा, काम झालं! आजोबा कुठं जात न्हाईत आता. साहेब स्वतः हातात घेऊन वाचणार हायत."

रविवारी घरी गेले तर आबा दाढीबिढी करून बसलेले, पुढ्यात पांढऱ्या फडक्यात रिव्हॉल्वर. मी फडकं उघडलं. नवा स्टीलचा पेला चमकावा तसं चमकत होतं. पट्टी या टोकापासून त्या टोकापर्यंत गुळगुळीत.

"केजला गेलतो," आबा म्हणाले. "गाड्यांचे सायलेन्सर पॉलिश करत्यात, तिथं. येकच शब्द काढ म्हणलं त्याला. लई चांगला काढला बघ, माय."

अहो, पॉलिशचं चाक तळहाताएवढं, अक्षरं मुंगीएवढी. शंभर वर्षं हाताळून आधीच झिजलेली. एक शब्द कसा निघणार?

"कावून केलं आबा? कावून केलं असं?" मी अक्षरशः ओरडले.

"साहेब हातात घेणार म्हणलीस. मग माझा अंगठा कुठं ऱ्हाईल? त्यानं समद्या कचेरीत मोठ्यानं वाचलं असतं."

"वाचलं असतं तर काय झालं असतं?"

"तुला न्हाई कळायचं. तुला कुणी त्या नावानं हाक मारली न्हाई."

"आणि जहाज?" मी विचारलं. "साल?"

तेव्हा कुठं आबांनी ते खिडकीपाशी नेलं. तोवर त्यांनी तो एक शब्द गेला का, एवढंच पाहिलं होतं. उजेडात धरून बघितलं, अंगठ्यानं चाचपलं, परत बघितलं. "जहाज बी गेलं का गं?" म्हणाले, आणि पोरासारखे रडायला लागले. मला त्यांचा राग आला होता आणि तो राग ठेवायला जागा नव्हती.

सोमवारी कचेरीत आबाही सोबत आले. साहेबांनी भिंग लावून पाहिलं. "सिस्टर, यावर तर काहीच नाही हो." त्यांचा काय दोष? वस्तू जमा करा म्हणाले. पुढं पकडलेल्या गावठी कट्ट्यांबरोबर तिचाही चुराडा होणार होता.

जमा करून घेणाऱ्या कारकुनानं विचारलं, "मूळ कुणाची?"

आबा उठले. वर्गात उभं राहून वाचावं तशा आवाजात त्यांनी पहिली ओळ म्हटली, गोऱ्याचं नाव, जहाज, साल. मग दुसरी ओळ, आजोबांचं नाव, आणि पुढं तो शब्द. माझ्या उभ्या जन्मात तो शब्द मी त्यांच्या तोंडून ऐकला नव्हता. सगळी कचेरी वळून बघायला लागली.

कारकून गडबडला. "गुरुजी, जात नको. आडनाव सांगा."

"आडनाव माझं हाय. त्येंचं हेच हुतं. ल्ह्या."

"असं कसं लिहू? माझ्यावर केस होईल. आणि वस्तूवर तर तसं काही नाही."

"हुतं," आबा म्हणाले. "म्या घालवलं. आता तुमी तरी ल्ह्या."

त्यानं माझ्याकडं पाहिलं, आणि लिहिलं: जुने रिव्हॉल्वर एक, कोरीव मजकूर नाही. आबांनी ते वाचलं आणि खाली सही केली.